‘प्रश्न उद्भवत नाही’

विधानसभेतला तारांकित प्रश्न कधी वाचला आहे का? नसेल तर एकदा वाचाच. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, मोबाइलवरही उघडतात. विषय कोणताही असू द्या, पुलाचा, शाळेच्या गळक्या खोलीचा किंवा आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदाचा, साचा एकच. पहिला भाग ‘हे खरे आहे काय?’ दुसरा, ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय?’ तिसरा, ‘असल्यास, त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ आणि शेवटचा, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तरे तर त्याहून ठरलेली. ‘होय.’ ‘नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि माझे सर्वांत लाडके, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ याचा सरकारी अर्थ सरळ आहे. पहिल्या भागालाच ‘नाही’ म्हटले, तर पुढच्या भागांना उत्तर द्यायची गरज उरत नाही. पण ते शब्द एका ओळीत छापलेले वाचताना वाटते की, खाली घाटात, नदीकाठी, तळ्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसालाच कोणी सांगते आहे, बाबा रे, तुझा प्रश्न उद्भवतच नाही.

घाट, नदी आणि तळे हे मी उगाच म्हणत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरी जिल्ह्यातून रायगडात शिरताना कशेडी घाट लागतो. घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. या छोट्याशा पट्ट्याने सभागृहातल्या शब्दाची दोनदा मोठी परीक्षा घेतली आहे. एकदा १९२७ साली आणि एकदा २०१६ साली.

आधी थोडे या प्रश्नाच्याच इतिहासाबद्दल, कारण तो शाळेत शिकवत नाहीत. लोकप्रतिनिधीने सरकारला प्रश्न विचारायचा, ही आपल्याला हवेसारखी फुकट मिळालेली गोष्ट वाटते. तशी ती नाही. १८५४ नंतर कलकत्त्याच्या कायदेमंडळातले सदस्य कंपनी सरकारच्या कारभाराबद्दल शंका विचारू लागले, कागद मागू लागले. ते गोरेच होते बहुतेक, तरीही साहेबाला हे आवडले नाही. म्हणून १८६१ च्या कायद्याने मंडळांना बजावले की, तुमचे काम समोर आलेल्या विधेयकापुरते, कारभाराची विचारपूस करायची नाही. मुंबईचे कायदेमंडळ २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये पहिल्यांदा भरले, ते याच अटीवर. म्हणजे तीस वर्षे आपल्याकडे कायदेमंडळ होते आणि त्यात प्रश्न नव्हता.

१८९२ साली प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण आधी लेखी सूचना द्यायची आणि उत्तर मिळाले की गप्प बसायचे. उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. लोकमान्य टिळक १८९५ ते १८९७ मुंबई कायदेमंडळात होते, ते या नियमांखाली. १९०९ च्या सुधारणांनी उपप्रश्न आला, पण तो मूळ प्रश्न विचारणाऱ्यानेच विचारायचा. १९१९ च्या कायद्यानंतर कोणत्याही सदस्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला. तेव्हाच प्रांतांत निवडून आलेल्यांपैकी मंत्री नेमले जाऊ लागले आणि नगरपालिका, शिक्षण, आरोग्य अशी खाती त्यांच्याकडे गेली.

बघा, इंग्रजांनी प्रश्न १८९२ मध्येच देऊन टाकला. उपप्रश्न मात्र सत्तावीस वर्षे हप्त्याहप्त्याने दिला. त्यांना नेमके कळत होते की, धोका पहिल्या प्रश्नात नसतो. तो ‘बरं, मग?’ मध्ये असतो.

या नव्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले नावाचे सदस्य होते. भंडारी समाजातले, मुंबईच्या गिरणी कामगारांत काम केलेले, ब्राह्मणेतर चळवळीतले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली, तसेच सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातली सगळी सार्वजनिक पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. शंभर वर्षांपूर्वीचा हा मजकूर किती नेमका आहे! ‘समाजाने मन मोठे करावे’ अशी भाषा त्यात नाही. पैसा सार्वजनिक आहे का? असेल तर पाणीही सार्वजनिक. संपले.

पण ठराव म्हणजे कायदा नव्हे, शिफारस. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी त्यावर आदेश काढला. स्वतःच्या मालकीच्या जागांबाबत ठराव अमलात आणा, असे खातेप्रमुखांना सांगितले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांचे काय? त्यांच्याबाबत कलेक्टरांना सांगण्यात आले की, ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का, याचा विचार करण्याचा सल्ला आपापल्या हद्दीतल्या संस्थांना द्यावा.

हे वाक्य परत वाचा. विचार करा, असे नाही. विचार करण्याचा सल्ला द्या! पाण्याचा घडा आणि तहानलेला माणूस यांच्यामध्ये एका वाक्यात किती पायऱ्या घालता येतात, याचा हा नमुना आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला तिकीट दुसऱ्या टीमकडे ढकलणे म्हणतात. तिकिटावर ‘क्लोज्ड’ लागते आणि बग जिथल्या तिथे राहतो.

महाडच्या नगरपालिकेने मात्र विचार केला. जानेवारी १९२४ मध्ये तिने ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. महाड ही तेव्हा आसपासच्या मुलखाची बाजारपेठ. डोंगरातली, खाडीकाठची माणसे कामाला, कचेरीला, बाजाराला तिथेच यायची. आता मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव होता, सरकारचा आदेश होता, स्थानिक नगरपालिकेचाही ठराव होता. कागदाची साखळी पूर्ण झाली. पाणी मात्र कोणी भरले नाही, कारण भरायला गेले तर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक होते.

त्या काळात आजच्यासारखा तारांकित प्रश्न लागला असता तर तो कसा छापला गेला असता, अशी मी एकदा कल्पना करून पाहिली. ‘महाड येथील चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले करण्यात आले आहे, हे खरे आहे काय?’ होय. ‘असल्यास, आजपर्यंत किती अस्पृश्यांनी तेथे पाणी भरले?’ निरंक. ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ प्रश्न उद्भवत नाही. गंमत म्हणजे यातले एकही उत्तर खोटे ठरले नसते.

बोल्यांना हे कळत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी, म्हणजे पहिल्या ठरावाला तीन वर्षे आणि एक दिवस झाल्यावर, त्यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणायला नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. म्हणजे इष्ट आहे का याचा विचार सावकाश करा, पण तोवर पैसे थांबतील. माझ्या मते बोल्यांचे खरे मोठेपण या दुसऱ्या ठरावात आहे. पहिला ठराव आपण दर मार्च महिन्यात आठवतो, दुसरा सहसा कोणाच्या लक्षात नसतो. चांगले विचारणारा सभागृहात अधूनमधून भेटतो. विचारलेले विसरला नाही असा माणूस फार कमी भेटतो.

१९२६ च्या अखेरीस डॉ. आंबेडकरांची मुंबई कायदेमंडळावर नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली. त्याच महिन्यात अर्थसंकल्पावर बोलले. पुढच्याच महिन्यात, १९ आणि २० मार्चला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (रायगडचे जुने नाव कुलाबा, ते १९८१ पर्यंत होते.) आपल्या डोक्यातल्या चित्रात बाबासाहेब तळ्याची पायरी उतरतात, ओंजळीत पाणी घेतात. त्या चित्रात एक तपशील भरायचा राहून जातो. पायरी उतरणारा माणूस ज्या कायदेमंडळाने ठराव केला होता, त्याच मंडळाचा विद्यमान सदस्य होता.

परिषद भरवण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे इथलेच तरुण पुढे होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी सवर्णांतली माणसे सोबत होती. गावात सार्वजनिक तळे, ते कागदोपत्री खुले, आणि परिषदेला आलेल्यांना प्यायला पाणी ४० रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. त्या काळचे ४० रुपये! दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली असता चित्र्यांनी आठवण करून दिली की, नगरपालिकेने तळे खुले केले आहे, पण अजून कोणी ते वापरलेले नाही, तेव्हा पाणी पिऊनच घरी जाऊ या.

मला विचाराल तर तो १९२३ च्या ठरावावरचा उपप्रश्न होता. सभागृहाबाहेर, हजारो माणसांनी एकाच वेळी विचारलेला. ‘बरं, मग?’

आपण याला सत्याग्रह म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण मिठाच्या सत्याग्रहाशी तुलना केली की फरक दिसतो. तिथे सरकारचा कायदा मोडायला लोक निघाले होते. महाडला लोक निघाले ते सरकारचा आदेश पाळायला. मोडले काही असेल तर ती गावाची वहिवाट. म्हणून त्या कागदांना मी फालतू म्हणणार नाही. कागदांनी पाणी दिले नाही हे खरे, पण रांगेत चालणाऱ्या प्रत्येकाला ‘मी माझ्या हक्काचे घेतोय’ म्हणायची जागा त्यांनीच दिली.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी ते ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख पाहिलीत? बोल्यांच्या ठरावाला बरोब्बर चार वर्षे त्या दिवशी झाली. हा योगायोगच असणार.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर तळे खाजगी आहे असे म्हणत काहीजण दिवाणी न्यायालयात गेले आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तळ्यावर जाणे मात्र पुढे ढकलले गेले. १९३१ ला महाडला निकाल आंबेडकरांच्या बाजूने, १९३३ ला ठाण्याला अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला की अस्पृश्यांना दूर ठेवायची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. तळ्यावरच्या त्या दिवसाला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. ठरावापासून मोजले तर साडेतेरा वर्षांहून जास्त. सार्वजनिक पैशाचे पाणी सार्वजनिक, इतके एक वाक्य मुंबईच्या सभागृहातून महाडच्या तळ्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला. मधल्या वाटेत मंत्री, कलेक्टर, नगरपालिका, लाठ्या आणि तीन न्यायालये.

आता दुसरी परीक्षा. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर वर्षभराने, १९२८ च्या सुमारास, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला. तो पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षे उभा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला पूर असताना, तो वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि आणखी काही वाहने अंधारात नदीत गेली. दोन्ही एसटी रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईकडे निघालेल्या. थोड्याच वेळापूर्वी त्या कशेडी घाट उतरल्या असतील. मृतदेह पुढे कित्येक किलोमीटरांवर, खाडीच्या तोंडापर्यंत सापडत राहिले.

नेमके त्याच वेळी मुंबईत विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते. म्हणजे इथे प्रश्न विचारायला महिना-दीड महिना आधी सूचना द्यायची गरज नव्हती, सभागृह भरलेलेच होते. विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. सरकारकडून सांगण्यात आले की, मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला धोकादायक असल्याचे आढळले नव्हते.

या उत्तराबद्दल मी खूप विचार केला आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. तपासणी झाली असेल, कागदावर तसे लिहिलेही असेल. इंजिनीअरिंगला पहिल्याच वर्षी कळते की टेस्ट पास झाली याचा अर्थ टेस्टने जे तपासले ते ठीक आहे, एवढाच. म्हणून उपप्रश्न हवा. तपासणी म्हणजे नेमके काय केले? नुसती नजरेने पाहणी, की पाण्याखालच्या पायाचीही? उन्हाळ्यातल्या नदीवर तपासलेला पूल पुराच्या नदीवर सुरक्षित, हे कशावरून ठरले? आणि हे सगळे प्रश्न पूल पडल्यानंतरच्या सकाळीच का सुचतात? मे महिन्यात ते कोणी का विचारले नाहीत? ‘सुरक्षित आहे’ या उत्तराला कोणी पुन्हा हात लावत नाही. धोकादायक म्हटले तर बातमी होते, सुरक्षित म्हटले की फाइल मिटते.

नंतर जे झाले ते आणखी विचार करायला लावणारे. त्याच नदीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला. मंत्र्यांनी शब्द दिला आणि पाळला, हे मान्य करायला हवे. पण त्याच महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले होते. दर अधिवेशनात प्रश्न, दर उत्तरात नवी तारीख. शेवटी लोक जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. वाट ओळखीची वाटते ना? सभागृहाचा शब्द जमिनीवर उतरत नाही म्हटल्यावर कोर्टाची पायरी.

कोकणच्या रस्त्याबाबतच्या उत्तरांचे स्वतःचे एक पंचांग आहे. पावसाळी अधिवेशन बहुधा जून-जुलैच्या सुमारास, आणि गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यामुळे उत्तराची तारीख आपोआप ठरते, ‘गणपतीपूर्वी’. खड्डे गणपतीपूर्वी, एक मार्गिका गणपतीपूर्वी, दिवे गणपतीपूर्वी. चाकरमान्यांना हे इतके पाठ झाले आहे की कोणत्या वर्षीचा गणपती, एवढेच विचारायचे राहते. कशेडीच्या बोगद्याची पहिली नळी मात्र खरोखरच २०२३ च्या गणपतीआधी, हलक्या वाहनांपुरती का होईना, उघडली. सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे. पोलादपूरच्या बाजूने शिरले की घाटातली वळणे, दरडी आणि धुके डोक्यावर ठेवून काही मिनिटांत खेड तालुक्यात. घाटात अर्धा-पाऊण तास ट्रकमागे रांगलेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पुढच्या पावसात बोगद्यात पाणी ठिबकल्याच्या बातम्या आल्या.

असे दिलेले शब्द कुठे नोंदवतात का? नोंदवतात. ‘माहिती घेऊन सांगतो’, ‘तपासून कारवाई करू’ असे मंत्री सभागृहात म्हणाला की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. लोकसभेने अशी समिती १९५३ मध्ये नेमली. तिथे आश्वासन पुरे करायला तीन महिन्यांची मुदत असते, हवी तर वाढवून मागता येते. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. टीव्हीच्या कॅमेऱ्याला तिचे काही सोयरसुतक नाही, कारण तिथे आरडाओरडा होत नाही. कोणत्या सालच्या कोणत्या उत्तराचे पुढे काय झाले, असे जुन्या याद्या समोर ठेवून अधिकाऱ्यांना विचारायचे, असे तिचे कंटाळवाणे काम. बोल्यांनी १९२६ मध्ये जे केले तेच, फक्त समितीच्या खोलीत.

आपल्याकडे आमदार चांगला की वाईट हे तो सभागृहात किती जोरात बोलला यावर ठरते. त्याची क्लिप फिरते, खाली वाघाचे इमोजी पडतात. तीन वर्षे आणि एक दिवसानंतर त्याने तोच विषय पुन्हा काढला का, हे क्लिपमध्ये दिसत नाही. ते पाहायला याद्या उघडाव्या लागतात. तुमच्या मतदारसंघाच्या नदीचे, घाटाचे, पुलाचे नाव टाकून शोधा. तीन-चार अधिवेशनांची उत्तरे शेजारी शेजारी लावा आणि तारखा तेवढ्या वाचा. एका उत्तरातली ‘कार्यवाही सुरू आहे’ पुढच्या उत्तरात कुठे गेली, ते पाहा.